बाजरी पेरताय? मग या चुका टाळा

2023 ला पौष्टिक तृणधान्य वर्ष झालं तेव्हापासून बाजरीकडे बरीच नवीन मंडळी वळलीत, आनंदच आहे, पण "बाजरी काय, टाकली की येते" हे ऐकलं की जीव तुटतो. कमी पाण्यावर, कमी खतावर येणारं पीक, आणि निव्वळ घाईपायी हातचं जातं.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे खोल पेरणी. बी केवढंसं असतं ते तळहातावर घेऊन बघा. 2-3 सेंटीमीटर, त्याच्या खाली नाही. आमच्या चुलतभावानं एका वर्षी मका पेरलेलं ट्रॅक्टरचं यंत्र तसंच बाजरीला लावलं, खोली बदलायला अर्धा तास लागला असता पण पाऊस येईल म्हणून थांबला नाही, पाऊस त्याच रात्री आला आणि मग कडक ऊन पडून वर खपली धरली. आठव्या दिवशी आम्ही दोघं बोटांनी माती उकरत बसलो तर कोंब खपलीखाली पिवळे पडून वेटोळे झालेले. दोन एकर दुबार पेरलं, बियाणं गेलं, डिझेल गेलं, उशीर झाला म्हणून कणसंही बोटभर. मी आजही पहिल्या दोन ओळी पेरल्या की खाली बसून दहा ठिकाणी उकरून बघतो.

हायब्रीडचं बी घरी धरू नका, पुढच्या वर्षी पीक उंचसखल निघतं. घरचंच हवं तर धनशक्तीसारखं सुधारित वाण घ्या, त्यात लोहही जास्त. पण कणसं उभ्या पिकात, शेताच्या मधोमध निवडायची, कारण कडेला शेजारच्या हायब्रीडचे परागकण वाऱ्यावर येतात. मळणीच्या ढिगातून मूठभर उचललेलं ते बियाणं नव्हे.

पेरणीआधी बियाण्याला मीठपाणी द्यायचं चुकवू नका. 10 लिटर पाण्याला 2 किलो मीठ, त्यात बी टाकून तरंगेल ते काढायचं, खालचं दोनदा धुऊन सावलीत वाळवायचं. तरंगलेलं कोंबड्यांना घालू नका, त्यात अरगट या बुरशीरोगाच्या विषारी गाठी असू शकतात.

विरळणी करा, म्हणजे दाट झालेली रोपं उपटा, दोन रोपांत 10-15 सेंटीमीटर जागा. ओल नसताना युरिया नको.

आणि महिन्याचं पीठ दळून ठेवून "बाजरी कडू लागते" म्हणू नका, बाजरीत तेल जास्त असतं म्हणून पीठ लवकर खवट होतं. आमची आई आठवड्यापुरतंच दळण काढते.