अलिबागला पाहुणे आले की आधी तिथी पाहावी

नागपूर-अमरावतीकडचे नातेवाईक अलिबागला आले की कुलाबा किल्ला पाहायचा आग्रह हमखास होतो. परंतु हा किल्ला भर समुद्रात असल्यामुळे तेथे पायी जाता येते ते केवळ ओहोटीच्या वेळी, आणि ती वेळ दररोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. कोकण किनाऱ्यावरचा जुना हिशेब असा, की तिथीच्या अंकाची पाऊणपट केली म्हणजे भरतीची अंदाजे वेळ निघते आणि त्यानंतर सुमारे सहा तासांनी पूर्ण ओहोटी लागते. एकादशीला सव्वाआठला भरती, म्हणून दुपारी अडीचच्या सुमारास वाट मोकळी. अष्टमीला ओहोटी भर दुपारी बाराला येते खरी, पण ती भांगाची, म्हणजे कमी चढ-उताराची, असल्याने पाणी फारसे मागे हटत नाही. नक्की वेळ मात्र किनाऱ्यावर विचारूनच घ्यावी.

पूर्ण ओहोटीच्या तासभर आधी निघावे, म्हणजे सिद्धिविनायकाचे दर्शन आणि आतली गोड्या पाण्याची पुष्करणी निवांत पाहून पाणी चढण्यापूर्वी परतता येते. खडकांना चिकटलेल्या कालवांच्या शिंपा पात्यासारख्या धारदार असतात, त्यामुळे अनवाणी चालू नये. मागे पट्टा असलेली सँडल उत्तम. गुडघे दुखणाऱ्या आत्या-काकांसाठी घोडागाडी करावी. पावसाळ्यात हा बेत आखूच नये. त्याऐवजी गावातली कान्होजी आंग्रे यांची समाधी दाखवावी.