सुपरचार्जर लावलेली ‘८६’ किती झेलते? या चुका टाळा

मेलबर्नजवळच्या कुठल्याही ट्रॅक-डेला जा, बॉनेट उघडं दिसलं की पहिला प्रश्न ठरलेला: “स्टॉक (कंपनीच्या मूळ) इंजिनवर किती हॉर्सपॉवर काढलेस?” समोरचाही छाती फुगवून आकडा सांगतो. दोनशे साठ. दोनशे ऐंशी. एखादा तीनशे म्हणतो आणि बाकीचे मान डोलावतात. माझ्या मते गोंधळ या प्रश्नातच आहे. टोयोटा ८६ आणि तिची जुळी बहीण सुबारू बीआरझेड या गाड्यांचं इंजिन किती हॉर्सपॉवरला मोडतं याला एकच उत्तर नाही, कारण ते हॉर्सपॉवरने मोडतच नाही.

आधी इंजिनाची ओळख. २०१२ साली आलेलं हे एफए-२० म्हणजे १९९८ सीसीचं चार सिलिंडरचं बॉक्सर, म्हणजे सिलिंडर समोरासमोर आडवे. बोअर ८६ मिमी, स्ट्रोकही ८६ मिमी. ७००० आरपीएमला २०० पीएस (मेट्रिक हॉर्सपॉवर) आणि टॉर्क जेमतेम २०५ न्यूटन-मीटर. कॉम्प्रेशन रेशो (सिलिंडरातली हवा किती पट दाबली जाते तो आकडा) मात्र १२.५. सुपरचार्जर (इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरून सिलिंडरात जादा हवा कोंबणारा पंप) बसवणाऱ्याने हा शेवटचा आकडा फ्रीजवर चिकटवून ठेवावा. टर्बो किंवा सुपरचार्जरसाठी बांधलेली इंजिनं साधारण नऊ-दहाच्या आसपास असतात. हे इंजिन वातावरणातली हवा ओढून चालण्यासाठीच बांधलंय, त्याच बेताने पिस्टनला क्रँकशी जोडणारे त्याचे कनेक्टिंग रॉड सडपातळ ठेवलेत.

हॉर्सपॉवर मोजणं, टॉर्क विसरणं

या इंजिनात पहिला जातो तो रॉड. पिस्टन किंवा क्रँक सहसा नंतर. आणि रॉडला वाकवतो तो पिस्टनच्या डोक्यावरचा दाब, म्हणजेच टॉर्क. पॉवर हा टॉर्क आणि आरपीएमचा गुणाकार. क्रँकवर ३०० न्यूटन-मीटर ३५०० आरपीएमला मिळाले तर ते होतात साधारण १४७ हॉर्सपॉवर. तेच ३०० न्यूटन-मीटर ७००० ला मिळाले तर २९५. रॉडवर गॅसचा मार दोन्हीकडे जवळपास तेवढाच, पण डायनोच्या (रोलरवर पॉवर मोजणाऱ्या यंत्राच्या) कागदावर पहिली गाडी बिचारी दिसते आणि दुसरी राक्षस.

आता या गाडीचं जुनं दुखणं आठवा. साडेतीन-चार हजारांच्या आसपास टॉर्कमध्ये खड्डा आहे. गाडी ओव्हरटेकला काढताना तो पायाला कळतो. रूट्स किंवा ट्विन-स्क्रू जातीचा सुपरचार्जर नेमका तिथेच भरपूर हवा कोंबतो, खड्डा बुजतो आणि मालक खूश. पण कमी आरपीएमला सिलिंडर गच्च भरणं हीच रॉडसाठी सगळ्यात वाईट घडी. सेंट्रिफ्युगल सुपरचार्जरचं उलट आहे. त्याचा बूस्ट, म्हणजे जादा हवेचा दाब, आरपीएमच्या जवळजवळ वर्गाने वाढतो, त्यामुळे मधल्या पट्ट्यात तो सुस्त आणि वर गेल्यावर पेटतो. शेवटचा आकडा मोठा, रॉडला त्रास त्या मानाने कमी.

म्हणून ९८ ऑक्टेनच्या पेट्रोलवर माझी स्वतःची मर्यादा अशी: चाकांवर टॉर्क २७० न्यूटन-मीटरच्या पुढे जाऊ द्यायचा नाही, मग पॉवर कितीही येवो. सेंट्रिफ्युगलवर त्यातून चाकांवर अडीचशे ते दोनशे साठ हॉर्सपॉवर निघतात. ट्विन-स्क्रूवर दोनशे तीस-चाळीस निघाले तरी तिथेच थांबायचं. चाकांवर तीनशेच्या गाड्या धावतात, नाही असं नाही, पण त्या उधारीवर धावतात.

रेव्ह लिमिटर (आरपीएमची कमाल मर्यादा) वाढवण्याचा मोहही इथलाच. रेडलाइन ७४०० आहे. ती ८००० केली तर रॉडवरचा जडत्वाचा ताण सुमारे १७ टक्क्यांनी वाढतो, कारण तोही आरपीएमच्या वर्गाने चढतो. वरच्या सहाशे आरपीएममध्ये मिळतं काय, हे आपल्या डायनोच्या आलेखावर बघा आणि मग ठरवा.

दुसऱ्याच्या डायनोशी स्वतःची तुलना

स्टॉक गाडी एका डायनोवर चाकांना १७० दाखवते आणि दुसऱ्यावर १६०. रोलरचा प्रकार, हवामानाचं करेक्शन, कितवा गिअर लावला, सगळ्याने फरक पडतो. आपली गाडी एकाच डायनोवर आधी आणि नंतर मोजा. वाढ खरी, आकडा नाही.

बूस्टच्या काट्यावर विश्वास, तापमानाकडे पाठ

माझा एक नाशिककर मित्र, इथे येऊन दहा वर्षं झालेली. त्याच्या ८६ ला ट्विन-स्क्रू किट, सोबत दाबलेली हवा थंड करणारा, पाण्यावर चालणारा इंटरकूलर. गाडी सकाळी झकास पळायची, दुपारी मरगळायची. त्याने निदान केलं की बूस्ट कमी पडतोय. मग लहान पुली बसवली, म्हणजे सुपरचार्जर आणखी जोरात फिरणार. दोन दिवस बरं वाटलं, तिसऱ्या दिवशी आधीपेक्षा वाईट. शनिवारी संध्याकाळी फोन आला, “अरे, जरा लॅपटॉप घेऊन येतोस का?”

गाडीतल्या नोंदींचा लॉग काढला. बूस्ट व्यवस्थित होता. पण सुपरचार्जरनंतरच्या हवेचं तापमान तिसऱ्या-चौथ्या पुलमध्ये (पूर्ण जोराच्या धावेत) ९० अंशांवर गेलेलं, आणि इसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, बिचारा नॉक (मिश्रण आपोआप भडकल्याचा ठोका) ऐकून इग्निशन, म्हणजे ठिणगीची वेळ, मागे, आणखी मागे घेत बसलेला. इंजिन चालू ठेवून इंटरकूलरच्या पाण्याच्या टाकीचं झाकण उघडलं. पाणी हलायला हवं, निदान एक भोवरा तरी दिसायला हवा. पाणी अगदी शांत. विहिरीत वाकून बघावं तसे आम्ही दोघं त्यात वाकून बघत होतो. पंपाचा कनेक्टर अर्धवट बसला होता. हाताने दाबला, टक् झालं, पाणी फिरू लागलं. एवढंच.

यामागचा हिशेब सोपा आहे. बाहेर ३५ अंश तापमान असताना हवा ०.६ बारने दाबली तर नुसत्या दाबामुळे ती साधारण ४४ अंशांनी तापते. पण कुठलाच सुपरचार्जर आदर्श नसतो. ६५ टक्के कार्यक्षमता धरली तर वाढ ६८ अंशांच्या घरात जाते, म्हणजे हवा शंभरीच्या पुढे. १२.५ कॉम्प्रेशनच्या सिलिंडरात असली हवा घालणं म्हणजे नॉकला आवतण. काटा बूस्ट दाखवतो, पण इंजिनात किती हवा गेली हे दाखवत नाही. हवा तापली, लहान पुलीने सुपरचार्जर आणखी जोरात फिरवला, तर काट्यावर आकडा वाढेल आणि सिलिंडरात आणखी तापलेली हवा जाईल.

तेव्हा दुपारी मरगळ येत असेल तर क्रम असा ठेवा: आधी पंप आणि पाण्यातले हवेचे बुडबुडे, मग लॉगमधलं हवेचं तापमान, मग नॉक करेक्शन. पुलीला हात सगळ्यात शेवटी, आणि बहुतेक वेळा तोवर गरजच उरत नाही.

ई-८५ भरलं की सगळं माफ, हा समज

ई-८५ या इंधनात इथेनॉल जास्त, नॉकला ते उत्तम आवरतं. म्हणून लोक टायमिंग पुढे घेतात, बूस्ट वाढवतात, आणि टॉर्क सरसर चढतो. गोची अशी की पेट्रोलवर नॉक हा घंटा वाजवणारा रखवालदार असतो. ई-८५ ने त्याला झोपवलं, पण रॉड तेवढेच सडपातळ राहिले. शिवाय ई-८५ आकारमानाने पेट्रोलपेक्षा तीस-चाळीस टक्के जास्त लागतं, तेव्हा पंप आणि इंजेक्टर आधी अपुरे पडतात. वर वर जाताना मिश्रण पातळ होऊ लागलं तर ते लॅम्डाच्या (हवा-इंधन प्रमाणाच्या) आलेखात दिसतं, कानाला कळत नाही. पूर्ण बूस्टवर लॅम्डा ०.८० च्या आसपास असावा. ७००० ला तो ०.८८ कडे सरकत असेल तर पाय काढा.

उलट टोकाची चूक मात्र कुणी चूक मानतच नाही. फ्रीवेवर सहावा गिअर, दोन हजार आरपीएम, आणि आळसाने गिअर न बदलता अॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला. डायरेक्ट इंजेक्शनच्या इंजिनात बूस्टखाली असं केलं की तेल-इंधनाच्या थेंबामुळे ठिणगीच्या आधीच जळण सुरू होण्याचा धोका असतो. एका ठोक्यात पिस्टनची रिंग-लँड (रिंगांमधली कड) तुटू शकते. गिअर खाली घ्या, हात दुखत नाहीत. तेलाच्या डब्यावर एपीआय एसपी हे दर्जाचं अक्षर बघून घ्या. २०२० मध्ये आलेल्या या दर्जात याच दोषाची चाचणी आहे.

लक्षणं आणि पहिला संशय

बूस्ट चढला की गाडी अडखळते, पण हळू चालवताना ठीक: स्पार्क प्लगची गॅप. स्टॉक गॅपवर दाबलेल्या हवेत ठिणगी विझते. ०.७ मिमीच्या आसपास आणा आणि प्लग एक पायरी थंड घ्या. बॉक्सरमध्ये प्लग चेसिसच्या बाजूला टेकलेले असतात, तेव्हा एक दुपार आणि दोन-चार शिव्या राखून ठेवा.

काट्यावर बूस्ट वर जाऊन ६५०० नंतर खाली येतो: पट्टा घसरतोय. पुलीच्या आसपास काळी भुकटी शोधा.

काढलेल्या प्लगच्या पोर्सलिनवर मिरपूड शिंपडल्यासारखे काळे ठिपके, किंवा चमकणारे बारीक कण: नॉक झालेला आहे. चमकणारे कण पिस्टनचं अॅल्युमिनियम असतं. ते दिसल्यावर गाडी चालवून घरी जायचं नाही, टो करायची.

इनटेकच्या नळीत तेलाचा थर: क्रँककेसची वाफ परत ओढली जातेय. तेल मिसळलं की मिश्रणाचं ऑक्टेन खाली येतं. कॅच-कॅन (तेलाची वाफ अडवणारा डबा) बसवा, आणि तो रिकामा करायची आठवण ठेवा.

एका सिलिंडरचं कॉम्प्रेशन बाकी तिघांपेक्षा बरंच कमी: लीक-डाउन (सिलिंडरातून हवा किती गळते त्या) चाचणीशिवाय पुढे एकही पुल नाही. वाकलेल्या रॉडचा पिस्टन वरपर्यंत पोचत नाही, त्यामुळे तिथे कॉम्प्रेशन कमी दिसतं आणि हवा मात्र गळत नाही. ही खूण फारच थोडे गॅरेजवाले बघतात.

कागदांबद्दल दोन ओळी. व्हिक्टोरियात, म्हणजे मेलबर्नच्या राज्यात, सुपरचार्जर बसवला की व्हीएएसएस (बदललेल्या गाडीच्या तपासणीचं) प्रमाणपत्र लागतं आणि विमा कंपनीला कळवावं लागतं. भारतात मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ अशा बदलांच्या आडच येतं, त्यामुळे पुण्यातल्या भाच्याने व्हिडिओ बघून विचारलं तर त्याला आधी तेच सांगा.

मित्राची लहान पुली आता माझ्या गॅरेजच्या खिडकीत पेपरवेट म्हणून पडली आहे. मोठी परत लावली, पंपाच्या कनेक्टरला झिप-टाय घातला. डायनोवर आकडा सकाळच्या थंडीत काढलेल्यापेक्षा नऊने कमी आला, आणि त्याचं तोंड बघण्यासारखं झालं. दुपारी तीन वाजता पुन्हा चढवली, आकडा तोच.