डेकच्या फळ्या बदलण्याआधी खालचे वासे तपासा

अमेरिकेतील घरांमागचा जुना लाकडी डेक (फळ्यांचा उघडा ओटा) काढून कंपोझिट, म्हणजे लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक मिळून बनवलेल्या, फळ्या बसवताना बहुतेकांचे लक्ष रंगाच्या नमुन्यांवरच असते. खालचा सांगाडा मात्र सहसा लाकडाचाच राहतो आणि तो कुजलेला निघाला तर खर्चाचा सारा अंदाज कोलमडतो. म्हणून ऑर्डर देण्यापूर्वी घराच्या भिंतीलगतची एक आणि पायऱ्यांजवळची एक, अशा दोनच फळ्या उचकटाव्यात. वाशांच्या वरच्या कडेवर, विशेषतः जुन्या खिळ्यांच्या भोकांपाशी, स्क्रूड्रायव्हर दाबून पाहावा. टोक सहज आत रुतले तर तो वासा बदलावाच लागेल. मग वाशांमधील मध्यापासून मध्यापर्यंतचे अंतर मोजावे. बहुतेक कंपोझिट फळ्यांना ते 16 इंचांहून अधिक चालत नाही आणि फळ्या तिरप्या बसवायच्या असल्यास सहसा 12 इंच धरावे लागते. टणक वाशांच्या माथ्यावर ब्यूटाइल रबराची चिकटपट्टी लावून घ्यावी, म्हणजे स्क्रूच्या भोकांतून पाणी मुरत नाही.

डेक 2004 पूर्वीचा असेल तर त्याच्या लाकडात आर्सेनिक हे विष असण्याची शक्यता असते. अशा फळ्या शेकोटीत मुळीच जाळू नयेत आणि त्यांचा भुसाही बागेत टाकू नये.