शुगर, संधिवाताच्या गोळ्या आणि दारातलं कुत्रं

कायमच्या गोळ्या लागल्या म्हणून कुत्रं सोडून द्यायचं काही कारण नाही. मात्र गोळी कोणती, त्यावर काळजी बदलते.

जुनी शुगर असेल तर आधी पाय. तळव्याची जाणीव गेली की बाजेखालच्या कुत्र्यानं रात्री बोट चाटलं, कुरतडलं तरी कळत नाही. सकाळी रक्तच दिसतं. भेग किंवा फोड दिसला की कुत्रं चाटायला येणारच. झोपताना सुती मोजे घाला, कुत्रं खोलीबाहेर ठेवा. रोज रात्री बोटांच्या बेचक्यांसकट पाय तपासा. वाकता येत नसेल तर खाली आरसा धरा.

संधिवातासाठी मेथोट्रेक्झेट किंवा रोजचं प्रेडनिसोलोन (स्टेरॉइडची गोळी) चालू असेल तर प्रतिकारशक्ती दबलेली असते. मेथोट्रेक्झेटनं तोंड येतं, म्हणून कुत्र्याला तोंड चाटू देऊच नका. चावा असो की रक्त न आलेला ओरखडा, साबण लावून 15 मिनिटं वाहत्या पाण्यानं धुवा. टँकरच्या दिवसांत नळाचा भरवसा नाही; तांब्यानं बारीक धार धरली तरी हंडाभर पाणी जातं, तेवढं राखून ठेवा. हळद, चुना, तिखट काही लावायचं नाही. रक्त पातळ करणारी गोळी असेल तर धुतल्यावर स्वच्छ कापडानं 10 मिनिटं दाबून धरा, मधेच उचलून बघू नका.

लगेच सरकारी दवाखाना गाठा आणि गोळ्यांची चिठ्ठी दाखवा. ती महत्त्वाची, कारण प्रतिकारशक्ती कमी असलेल्याला रेबीजची लस कातडीत नाही, दंडाच्या स्नायूत देतात (0, 3, 7, 14 आणि 28 व्या दिवशी; 0 म्हणजे पहिल्या डोसचा दिवस), आणि साध्या ओरखड्यालाही जखमेत इम्युनोग्लोब्युलिन (रेबीजशी लढणारी तयार प्रतिद्रव्यं) लागतं. कुत्र्याला लस टोचलेली आहे म्हणून घरी थांबू नका.

आता उलटी बाजू. कुत्र्याचं औषध भाकरीत लपवून देणाऱ्या घरात खाली पडलेली गोळी ते हमखास गिळतं. शुगरच्या ग्लिमेपिराइड गोळीनं त्याची साखर उतरते: झोकांड्या, थरथर, झटके. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन या दुखण्यावरच्या गोळ्यांनी पोटात जखमा होतात, किडनी जाते. गोळ्या ताटात काढून घ्या. खाल्लीच, तर मीठपाणी पाजून ओकारी काढू नका. किती गोळ्या गेल्या ते मोजा, पाकीट घ्या आणि जनावरांचा दवाखाना गाठा. परभणी आणि उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत.

कुत्र्याला तीन महिने पूर्ण झाले की रेबीजची लस, पुढे दरवर्षी. दर तीन महिन्यांनी जंताचं औषध. गोचीड काढणं आणि घाण उचलणं घरातल्या दुसऱ्या कुणाकडे द्या.