स्वस्त सिंगल-स्पीड सायकल घेताय? आधी मागचं चाक बघा

माझी सिंगल-स्पीड, म्हणजे एकाच गिअरची सायकल, दुकानातली सगळ्यात स्वस्त होती. तिला सहा वर्षं झाली. चेन, पेडल, ब्रेक शू, सीट आणि मागचं चाक बदललं. फ्रेम, चिमटा, हँडल आणि पुढचं चाक अजून मूळचंच आहे. म्हणून ‘स्वस्तातली घेऊ का?’ असं कुणी विचारलं, तर मी ‘खुशाल घे’ म्हणते. फिक्सी म्हणून, म्हणजे पेडल मागच्या चाकाला जखडून, चालवायची असेल तर मात्र ‘आधी मागचं चाक दाखव’.

सिंगल-स्पीडला फ्रीव्हील असतं. पाय थांबवले तरी सायकल पळत राहते. फिक्सीत मागचा कॉग, म्हणजे चेन बसते ती दात्यांची चकती, हबला (चाकाच्या मधल्या तुंब्याला) पक्का जखडलेला असतो. चाक फिरतंय तोवर पेडल फिरणारच, उतारावरही आणि वळणावरही. पाय उलटे रोखून वेग कमी करता येतो, पण तो सगळा जोर कॉगच्या आट्यांवर येतो. बऱ्याच स्वस्त सायकलींच्या मागच्या हबला एका बाजूला फ्रीव्हील आणि दुसऱ्या बाजूला कॉग असतो. चाक काढून उलटं बसवलं की फिक्सी तयार. माझीही तशीच होती.

तिसऱ्या महिन्यात उतारावर मी पाय रोखले आणि पेडल एकदम मोकळं मागे फिरलं. पुढचा ब्रेक होता म्हणून थांबले. सायकल दुरुस्त करणाऱ्या माझ्या मामाने चाक उघडलं आणि म्हणाला, ‘अगं, हा फिक्सीचा हबच नाही.’

खऱ्या हबवर दोन पायऱ्या असतात. आतल्या, मोठ्या पायरीवर कॉग सरळ आट्यांनी बसतो. बाहेरच्या, जरा लहान पायरीवर लॉकरिंग (कॉगला अडवून धरणारी रिंग) बसते आणि तिचे आटे उलटे असतात. पाय रोखल्यावर कॉग सुटायला बघतो, पण तो लॉकरिंगवर रेटला जातो आणि ती आणखी आवळते. माझ्या हबला साध्या फ्रीव्हीलचेच आटे होते. कॉग आणि रिंग दोन्ही सरळ आट्यांवर, त्यामुळे दोन्ही एकत्र सुटली. दुकानदाराला रिंग सैल करून दाखवायला सांगा. घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने सैल झाली तर हब खरा. नेहमीच्या नटासारखी उलट दिशेने सुटली, तर ती सायकल फ्रीव्हीलवरच चालवा. तशी ती वाईट नसते.

पुढचा ब्रेक कुठल्याही परिस्थितीत काढू नका. ‘फिक्सीला ब्रेक लागत नाही’ हे ऐकलं की मला राग येतो. ब्रेक नसलेल्या फिक्स्ड सायकली व्हेलोड्रोमवर, म्हणजे सायकल शर्यतींच्या ट्रॅकवर, धावतात, तिथे समोरून कुणी येत नाही. वेग कमी करताना भार पुढच्या चाकावर जातो, मागचं हलकं होऊन घसरतं. आणि चेन पडली की पायांचा ब्रेक संपलाच.

मग स्वस्तात राम का आहे? गिअरच्या स्वस्त सायकलीत तेवढेच पैसे शिफ्टर, डिरेलर, केबल आणि कॅसेटमध्ये वाटले जातात आणि सगळंच कामचलाऊ मिळतं. इथे बिघडायला वस्तूच कमी. फ्रेम बहुधा साध्या हाय-टेन्साइल स्टीलची असते. महागड्या फ्रेमच्या क्रोमोली स्टीलपेक्षा हे स्टील कमी मजबूत, म्हणून नळ्या जाड आणि सायकल जड. पण जड म्हणजे कच्ची नव्हे.

चाक उचलून फिरवा. ब्रेक शूपाशी नजर ठेवली की आउट आहे का, म्हणजे डावी-उजवीकडे डुलतं का, ते कळतं. थोडा आउट आरे आवळून निघतो. एक्सल बोटांनी फिरवताना खरखर लागली, तर कोन (एक्सलवरचे, बेअरिंगला टेकणारे नट) फार आवळलेले आहेत किंवा ग्रीस कमी आहे. मग मागून वाकून बघा: चेन पुढून मागे सरळ रेषेत हवी.

गिअरचा हिशोब मात्र करूनच घ्या, कारण चालवताना गिअर बदलायचा पर्याय नाही. ४६ दात्यांचं चेनव्हील आणि मागे १६ असेल, तर पेडलच्या एका फेरीत सायकल साधारण ६ मीटर जाते. सपाट रस्त्यावर मजा, चढावर गुडघ्यांची परीक्षा. ४४ ला १८ घेतलं तर ५ मीटरच्या थोडं वर. चढ असतील तर हेच घ्या. फ्रीव्हील बदलणं स्वस्तातलं काम आहे. फिक्सीत घसरवत थांबायची हौस असेल तर ४८ ला १६ टाळा: भाग बरोबर तीनने जातो, म्हणून टायर दर वेळी एकाच जागी घासतो. ४६ ला १७ घेतलं तर ती झीज १७ जागांवर वाटली जाते.

घरी आणल्यावर पहिल्या काही फेऱ्यांनंतर क्रँकचे (पेडल ज्याला लागतं त्या दांड्याचे) बोल्ट पुन्हा आवळा. सैल क्रँक तशीच दामटली तर तिचं चौकोनी भोक फाकतं आणि मग आवळूनही उपयोग नाही. चेन मधोमध वर-खाली साधारण एक सेंटिमीटर हलावी. त्याहून सैल असेल तर मागचं चाक थोडं मागे ओढून नट आवळा. १५ चा पाना सीटखाली बांधून ठेवा. या सायकलींची चाकं बहुधा नटांवर असतात. पंक्चर झालं आणि पाना नसला तर पंप, ट्यूब सगळं जवळ असूनही चाकच निघत नाही.