फिरत्या सावल्या: एका खोलीतलं व्हिडिओ मांडणीशिल्प

चित्रकार आणि व्हिडिओ कलाकार नलिनी मालानी पारदर्शक दंडगोलांवर आतून चित्रं रंगवतात, ते फिरते ठेवतात आणि त्यांच्यातून व्हिडिओचा झोत भिंतींवर सोडतात. जर्मनीतल्या कासेलच्या २०१२ च्या डॉक्युमेंटा या कलाप्रदर्शनात असे पाच दंडगोल आणि सहा व्हिडिओ होते. जुन्या नाशकातल्या वाड्याची १०×१२ फुटांची खोली असेल, तर एका दंडगोलावर हे तंत्र करून पाहता येतं.

१७५ मायक्रॉनची पारदर्शक पॉलिएस्टर शीट घ्या: ५८ इंच लांब, २४ इंच उंच. कडा दीड इंच एकमेकींवर चढवून चिकटवल्या की १८ इंच व्यास मिळतो. पण रंगवायचं आधी, शीट सपाट असताना आणि आत जाणाऱ्या बाजूवर. बाह्यरेषा ग्लास लायनरने (काचेवर रेषा काढायच्या रंगाने), अर्धा इंच तरी जाड. बारीक रेष भिंतीवर विरून जाते. मग ग्लास कलर, म्हणजे काचेवरचा पारदर्शक रंग, भरा. पोस्टर कलर कितीही भडक असला तरी सावली काळीच पडते. पावसाळ्यात रंग वाळायला वेळ द्या.

वरच्या कडेला ॲल्युमिनियम पट्टीचं कडं लावा आणि ते तीन सारख्या लांबीच्या नायलॉन दोऱ्यांनी मोटरला टांगा. एक दोरी जरी कमी-जास्त झाली तरी दंडगोल डुलतो. तुळईला खिळे नकोत, फळी बांधून घ्या. १२ व्होल्टची, १० आरपीएमची (मिनिटाला १० फेऱ्यांची) गिअर मोटर ६ व्होल्टवर चालवली की वेग साधारण निम्मा होतो. त्याहून जलद फिरवलं तर जत्रेतला पाळणा वाटतो, अस्वस्थता उरत नाही.

प्रोजेक्टर भिंतीपासून १० फुटांवर, दंडगोलाचा मध्य प्रोजेक्टरपासून ३ फुटांवर. आता झोताकडच्या बाजूची आकृती भिंतीवर सुमारे साडेचारपट होऊन एका दिशेला सरकते, पलीकडची पावणेतीनपट होऊन उलट दिशेला. दंडगोलावर बाई रंगवली असेल, तर ती स्वतःच्याच अंगातून आरपार जाते. भुतंखेतं रंगवायची गरजच नाही.

व्हिडिओत हालचाल कमी, रंगाचे मोठे पट्टे जास्त ठेवा. लाल पट्टा आला की लाल रंगवलेली आकृती भिंतीत मिसळून जाते. निळा आला की तीच काळी होऊन उभी राहते. दोन्ही रंग शुद्ध हवेत, जांभळट निळ्यात ती अर्धवटच दिसते. एक रंग सात-आठ सेकंद टिकू द्या.

पेनड्राइव्हवरून लूप लावलात तर बरेच प्रोजेक्टर मध्ये क्षणभर थांबतात, म्हणून क्लिपची सुरुवात आणि शेवट काळ्या पडद्यानेच करा. नाशिकच्या कोरड्या थंडीत शीटवर स्थिर वीज साठून धूळ चिकटते. रोज सुरू करण्याआधी बाहेरची बाजू किंचित ओल्या मायक्रोफायबर कापडाने पुसा.