गरम झाल्यावर बंद पडणारी जुनी गाडी : दोष इग्निशन कॉईलचा निघाला

डिस्ट्रिब्युटर (ठिणगीची वीज एकेका स्पार्क प्लगला वाटून देणारा भाग) असलेली माझी जुनी पेट्रोल गाडी सकाळी पहिल्याच सेल्फला सुरू होत असे. मात्र सोलापूरच्या ४० अंशांपलीकडच्या उन्हात वीसेक मिनिटे चालली, की सात रस्त्याजवळ कुठेतरी बंद पडे आणि सेल्फ नीट फिरत असूनही अर्धा तास दाद देत नसे. स्पार्क प्लग, पेट्रोल फिल्टर आणि बॅटरी बदलूनही फरक पडला नाही. गाडी विकून टाकण्याचा विचार दोनदा मनात आला.

अखेर ती बंद पडलेल्या अवस्थेतच तपासली. इग्निशन कॉईलची, म्हणजे बॅटरीच्या विजेचा दाब ठिणगीसाठी वाढवणाऱ्या भागाची, मधली वायर डिस्ट्रिब्युटरच्या टोपीतून काढून तिला जुना प्लग जोडला, त्याचा धातूचा भाग जंपर केबलने इंजिनला जोडला आणि मुलाला सेल्फ मारायला सांगितले; ठिणगी पडली नाही. (पेट्रोलचा वास येत असल्यास ही चाचणी करू नये.) चावी चालू असताना कॉईलच्या धन टोकावर टेस्ट लॅम्प लागत होता, म्हणजे वीज पोहोचत होती. मग चावी बंद करून, ओला करून घट्ट पिळलेला सोलापुरी टॉवेल, जोडण्यांना पाणी न लागू देता, कॉईलभोवती दहा मिनिटे गुंडाळला आणि ठिणगी परतली.

खात्रीसाठी बॅटरीची ऋण केबल व कॉईलच्या वायरी सोडवून मधल्या आणि धन टोकांमधला रोध मोजला : थंड असताना सुमारे ९ किलोओहम, गरम असताना सर्किट तुटलेले. नवी कॉईल जुन्याइतक्याच प्रायमरी रोधाची (धन आणि ऋण टोकांमधल्या रोधाची) घेतली, कारण कमी रोधाची कॉईल जादा प्रवाह ओढून तापते. धन-ऋण वायरी खुणेप्रमाणे जोडल्या, बॅटरीची केबल शेवटी लावली. त्यानंतर भर दुपारी पंढरपूरला जाऊन आलो. गाडी एकदाही थांबली नाही.